साबण ‘नैसर्गिक’ असतो का? लोणारच्या खारापासून मधमाशीच्या मेणापर्यंत



गेल्या काही वर्षांत एक प्रश्न दवाखान्यात वरचेवर कानावर येतो. “डॉक्टर, बाजारचा साबण बंद करून घरीच मधमाशीच्या मेणाचा साबण केला तर चालेल का? तो नैसर्गिक असतो ना?” विचारणारे बहुतेक जण कोरड्या त्वचेने, खाजेने किंवा मुलाच्या इसबाने कंटाळलेले असतात. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. काहींनी साहित्याची यादीही केलेली असते. त्या यादीत खोबरेल तेल असते, मेण असते आणि तिसऱ्या क्रमांकावर ‘कॉस्टिक सोडा’ असतो.

त्या तिसऱ्या नावामुळे मला या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. उत्तर नीट समजायचे असेल तर साबणाचा इतिहास थोडा माहीत हवा. त्यातला बराचसा आपल्याच भागातला आहे. म्हणून आज औषधांविषयी थोडे कमी आणि इतिहासाविषयी थोडे जास्त लिहितो.

साबणाआधी आपण काय वापरत होतो?

आपल्या आजी-पणजींच्या न्हाणीघरात साबणाची वडी नव्हती. केसांना शिकेकाई आणि रिठा, अंगाला डाळीचे पीठ, सणाला उटणे, भांड्यांना राख आणि कपड्यांना परटाची भट्टी, अशी व्यवस्था होती. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे हा क्रम आपण आजही पाळतो.

हा क्रम समजून घ्या. आधी तेलाने त्वचेवरचा मळ सुटतो, मग पीठ ते जास्तीचे तेल शोषून घेते. त्वचा स्वच्छ होते, पण तिची स्वतःची स्निग्धता पूर्ण जात नाही. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा पाण्यात फेस होतो आणि तेलकटपणा निघतो. रासायनिक दृष्टीने सॅपोनिन म्हणजे साबण नव्हे, पण काम बरेचसे तेच करते.

स्नानाला आपल्याकडे शास्त्राचा मान होता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते मराठवाड्याच्या सीमेला लागून आहे. राजाने काय काय उपभोगावे याची जी जंत्री या ग्रंथात आहे, त्यात ‘स्नानभोग’ हा स्वतंत्र विषय आहे. मधमाशीच्या मेणाचे काम याच ग्रंथात वेगळ्या ठिकाणी सांगितले आहे. मूर्ती आधी मेणाची घडवायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतायचा. म्हणजे स्नानही आहे आणि मेणही आहे, पण दोघांची प्रकरणे वेगळी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लोणारचा खार

साबण तयार व्हायला दोन गोष्टी लागतात: तेल किंवा चरबी, आणि तीव्र क्षार. तेल सगळीकडे मिळते. प्रश्न असतो तो क्षाराचा.

आपल्या शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने झालेल्या या विवरातले पाणी खारट तर आहेच, शिवाय ते अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच १० च्या आसपास असतो. आपण प्यायच्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास धरतो. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक, हे ध्यानात घेतले म्हणजे लोणारच्या पाण्याची तीव्रता समजेल. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर सोड्याचे पांढरे थर उघडे पडतात. हा खार लोक पिढ्यानपिढ्या गोळा करत असत.

अकबराचा दरबारी अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना मेहकर भागातल्या लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करायला जे जे लागते ते सारे या डोंगरांत मिळते, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या शेजारचा खार साबणासाठी प्रसिद्ध होता. ‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’शी नाते सांगणारा आहे, पण वस्तू काही केवळ परदेशातून आलेली नव्हती.

क्षार म्हणजे भाजणारे औषध

आता वैद्यकाकडे वळू. सुश्रुतसंहितेत ‘क्षार’ कसा करावा याचे तपशीलवार वर्णन आहे. विशिष्ट वनस्पती जाळून राख करायची, ती पाण्यात कालवून गाळायची, आटवायची. त्यात भाजलेले शंख-शिंपले किंवा चुनखडी घालायची. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत.

आजच्या रसायनशास्त्रात पाहिले तर राखेतला सौम्य क्षार आणि भाजलेला चुना एकत्र आले की दाहक क्षार तयार होतो. कॉस्टिक सोडा याच कुळातला. सुश्रुताने तो कशासाठी वापरला? मूळव्याध, भगंदर, नको असलेली मांसवृद्धी जाळण्यासाठी. म्हणजे क्षार मांस जाळतो हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, म्हणून तो जाणकार हाताने आणि मोजून वापरायचा, अशी शिस्त होती.

घरी साबण करणाऱ्याच्या ओट्यावर हेच द्रव्य येते. फरक एवढाच, की शेजारी वैद्य नसतो.

साबण होतो म्हणजे नेमके काय होते?

शतकानुशतके साबण अंदाजाने होत असे. राख कधी तेज, कधी मंद. त्यामुळे एखादी वडी त्वचा सोलून काढायची, तर दुसरी तेलकट आणि गिळगिळीत राहायची. यात दोन फ्रेंच माणसांनी बदल घडवला.

१७९१ मध्ये निकोला लब्लां याने साध्या मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे क्षारासाठी जंगल जाळायची किंवा लोणारसारख्या जागा शोधायची गरज कमी झाली. दुसरा मिशेल शव्रल. त्याने १८२३ मध्ये स्निग्ध पदार्थांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेल म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांची जोडी असते, आणि क्षार ही जोडी तोडतो हे त्याने दाखवले. मेदाम्ले क्षाराशी जुळतात, तो साबण. उरते ते ग्लिसरीन. योगायोग असा, की त्याच १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. साबण झाडाला लागत नाही, पोळ्यातही मिळत नाही. तो नेहमीच रासायनिक क्रियेतून तयार होतो, मग कारखान्यात होवो की स्वयंपाकघरात. आणि आज दुकानातून आणलेला कॉस्टिक सोडा मोठ्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तयार झालेला असतो. ‘घरगुती’ साबण असतो. ‘रसायनाशिवाय’ साबण मात्र नसतो.

बोटीतून आलेली वडी

१८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सचा ‘सनलाईट’ साबण कोलकात्याच्या बंदरात उतरला. १८९५ मध्ये ‘लाईफबॉय’ आला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. भीतीच्या त्या काळात स्वच्छतेला वेगळेच महत्त्व आले. पण १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे अंग कितीही घासले तरी घरातले उंदीर आणि पिसवा राहिल्या तर प्लेग राहणार. हा धडा आजही उपयोगी आहे: साबण सगळ्या रोगांवरचा उपाय नाही, पण ज्या रोगांवर आहे त्यांवर तो फार मोठा आहे.

परदेशी साबणात जनावरांची चरबी असे, म्हणून अनेक घरांत तो चालत नव्हता. मुंबईच्या अर्देशीर गोदरेज यांनी १९२० च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. ‘यात काय घातले आहे?’ हा प्रश्न तुम्ही आज वेष्टन उलटून विचारता, तो शंभर वर्षांपूर्वीही विचारला जात होता. तेव्हा त्यामागे धर्म आणि स्वदेशी होती, आज त्वचा आणि पर्यावरण आहे.

वर्धा : साबण आणि मधमाशी एकाच अंगणात

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ यांच्याबरोबर साबण आणि मधमाशीपालन हेही विषय होते. गांधीजींनी १९४१ च्या ‘रचनात्मक कार्यक्रमा’त ग्रामोद्योगांच्या यादीत साबणाचे नाव घातले आहे. गावचे तेल आणि सज्जीमातीसारखा स्थानिक खार वापरून गावानेच साबण करावा, अशी कल्पना होती. स्वातंत्र्यानंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेले व साबण हा विभागच केला. कडुनिंबाचा हिरवा साबण तुमच्यापैकी अनेकांनी खादी भांडारातून आणला असेल.

मधमाशीची परंपराही महाराष्ट्रात टिकली. महाबळेश्वर हे तिचे जुने केंद्र. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथे पेट्यांत सातेरी माशी पाळतात. आपल्या अजिंठ्याच्या कड्यांवर लटकतात ती पोळी आग्या माशीची. ती पेटीत राहत नाही. पोळे जाळून किंवा धुराने माश्या मारून काढलेले मेण विकत घेऊन ‘नैसर्गिक’ साबण करण्यात काही अर्थ नाही. मेण कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरते आणि एक किलो मेणासाठी माश्यांना त्याच्या कित्येक पट मध खर्चावा लागतो.

मेणाचे खरे काम कोणते?

आता तो ‘मानसोल्लास’मधला मुद्दा आठवा: स्नान वेगळे, मेण वेगळे. इतिहासात मेण साबणाचा मुख्य घटक कधीच नव्हते, आणि त्याला कारण आहे. मेणातला काहीच भाग क्षाराशी जुळून साबण होतो. बाकीचा तसाच राहतो. म्हणून साबणात मेण शेकडा एक-दोन भागच घालतात, तेही वडी टणक व्हावी म्हणून. जास्त घातले तर फेस कमी होतो. अंगावरून वडी फिरवून पाण्याने धुऊन टाकल्यावर त्यातले मेण त्वचेचे काही विशेष भले करत नाही.

मेणाचे औषधी काम आहे ते मलमात. रोममधला वैद्य गॅलेन याच्या नावाने दुसऱ्या शतकापासून चालत आलेल्या थंड लेपात मेण, तेल आणि गुलाबपाणी असे. आजच्या ‘कोल्ड क्रीम’चे मूळ ते. आपल्याकडे आयुर्वेदात ‘सिक्थ तैल’ आहे. सिक्थ म्हणजे मेण. पाच-सहा भाग तिळाच्या तेलात एक भाग मेण विरघळवायचे. टाचांच्या भेगांना आणि फुटलेल्या ओठांना ते उत्तम. मेण त्वचेवर पातळ थर धरते आणि आतले पाणी उडू देत नाही. यात क्षाराचा थेंबही नाही.

म्हणून माझे सांगणे असे: मधमाशीचे मेण घरी आणलेच असेल तर त्याचा साबण करू नका, मलम करा. पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरे भांडे ठेवा आणि त्यात तेल-मेण घाला. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. थेट आचेवर ठेवू नका, पेट घेऊ शकते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा, कारण मेणातल्या मधमाशीच्या राळेची काहींना ॲलर्जी असते. आणि मधुमेह असेल व भेगेतून रक्त, पू किंवा पाणी येत असेल तर मलम नको, डॉक्टरांना पाय दाखवा.

तरीही घरी साबण करायचाच असेल तर

काही जण छंद म्हणून, काळजीपूर्वक साबण करतात. त्यांना मी अडवत नाही, पण या गोष्टी पाळायलाच हव्यात.

१. प्रत्येक तेलाला लागणारा क्षार वेगळा असतो. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाणा तेलाला सुमारे १३५ ग्रॅम, तर मेणाला त्याच्याही निम्म्याच्या आसपास. व्हिडिओतले तेल बदलून घरातले घातले आणि सोडा तेवढाच ठेवला, तर उरलेला क्षार तुमच्या त्वचेवर येतो. चमच्याने नाही, वजनकाट्याने मोजा.

२. नेहमी पाण्यात सोडा घाला, सोड्यात पाणी कधीच नाही. मिश्रण क्षणात खूप तापते आणि उसळते. मेण असलेले मिश्रण गरम ठेवावे लागते, म्हणून धोका आणखी वाढतो.

३. ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही. क्षार ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. स्टीलचे भांडे घ्या. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, खिडक्या उघड्या.

४. वडी चार ते सहा आठवडे मुरू द्या.

५. कॉस्टिक सोडा किंवा त्याचे द्रावण पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. मूल ते पाणी समजून एक घोट घेते आणि अन्ननलिका आतून भाजते. जखम भरताना अन्ननलिका आकसते. मग त्या मुलाला घास गिळता यावा म्हणून वर्षानुवर्षे नळी रुंद करण्याचे उपचार घ्यावे लागतात. घरात पाच-सहा वर्षांच्या आतले मूल असेल तर कॉस्टिक सोडा घरात आणूच नका.

अपघात झालाच तर: कोरडी पूड त्वचेवर सांडली असल्यास आधी झटका, मग भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धुवा. डोळ्यात गेले तर अर्धा तास सतत पाणी सोडा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. लिंबू किंवा व्हिनेगर ओतू नका. पोटात गेले तर उलटी करायला लावू नका, कारण वर येताना तेच द्रव्य पुन्हा भाजते. तोंड खळखळून धुवा आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

जीव कशाने वाचले?

व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ च्या एप्रिलमध्ये, डॉक्टर प्रसूती करत त्या विभागात शंभरातल्या सुमारे अठरा बाळंतिणी तापाने दगावल्या. इग्नाझ सेमेलवाईस याने मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे दोनवर आले. औषध बदलले नव्हते, हात स्वच्छ झाले होते.

पुढे साबणाने हेच काम घराघरांत नेले. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. त्यामुळे हातावरचा तेलकट थर जंतूंसह सुटून वाहून जातो. काही विषाणूंचे स्निग्ध आवरणच तो फोडतो. हे काम पाच रुपयांची वडीही करते आणि पाचशे रुपयांचा हातसाबणही. हात धुण्याची सवय लावल्याने जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. आणि जंतुनाशक म्हणून साबणात घातल्या जाणाऱ्या ट्रायक्लोसानला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबणांतून हद्दपार केले, कारण साध्या साबणापेक्षा त्याचा जास्त फायदा कंपन्यांना सिद्ध करता आला नाही.

मग कोरड्या त्वचेचे काय? निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच ५ च्या आसपास असतो. कोणताही खरा साबण, घरचा असो की दारचा, ९ ते १० पीएचचा असतो. त्यात आपल्याकडे बोअरचे जड पाणी. त्यातल्या चुन्याशी साबण जुळला की फेस होत नाही आणि त्वचेवर चिकट साय उरते. म्हणून साबण बदलण्यापेक्षा तो कमी वापरा. रोज काख, जांघ आणि पाय एवढ्यांनाच साबण, बाकी अंगाला नुसते पाणी किंवा डाळीचे पीठ. पाणी कोमट, अंघोळ थोडक्यात. अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच, खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावा. वडी घ्यायची तर वेष्टनावरचे टीएफएम पाहा. पहिल्या प्रतीच्या साबणात ते ७६ टक्के किंवा जास्त असते. इसब असलेल्या मुलांसाठी साबणाऐवजी कोणते क्लेन्झर वापरायचे ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

जेवणापूर्वी, शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यावर आणि बाहेरून आल्यावर २० सेकंद हात धुवा. त्यासाठी घरात असलेली कोणतीही वडी पुरेशी आहे. मेणाचे मलम करायचे असेल तर हिवाळ्याआधी करून ठेवा. आणि तुमच्या घरात आज कॉस्टिक सोडा कुठल्या बाटलीत ठेवला आहे, ते मात्र हा लेख वाचून झाल्यावर लगेच उठून पाहा.